पूजेतला पाना

मोटारसायकल आमच्या घरात आली ती तीन गोण्यांतून. एका गोणीत इंजिन, दुसरीत तेलकट लोखंडाचे ओळखू न येणारे तुकडे आणि तिसरीत वाकलेलं पुढचं चाक. सांगाडा तेवढा हमालाने खांद्यावरून आणला. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपून पंधरा वर्षं होत आली होती, तरी लष्कराचं टाकाऊ सामान बेंगळूरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, येतच होतं. आमचे हे दर रविवारी तिथे जायचे आणि हात काळे करून परत यायचे.

हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. सहा दिवस यंत्रांत घालवून सातव्या दिवशीही ह्यांना यंत्रच हवं असायचं. मी एकदा म्हटलं, "लोकांचे नवरे रविवारी भाजी आणतात." ह्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत खरोखरच चार वांगी होती आणि त्यांच्याखाली एक कार्ब्युरेटर.

बसवनगुडीत एका घराचा मागचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता. मागे धुण्याचा दगड, एक नारळ आणि पत्र्याची पडवी. त्या पडवीत ह्यांनी संसार मांडला. माझी पितळी परात पार्ट धुवायला गेली ती गेलीच, रॉकेलचा वास काही केल्या निघेना. मी चिडायची, बोलायची, भांडी आपटायची. स्वभावच तसा. पण खरं सांगायचं तर सहा महिन्यांत मीही त्या पडवीत बसायला लागले होते.

त्याला कारण शेजारचे अण्णा. अण्णा कानडी, लष्करात मोटारसायकलींचे मिस्त्री होते आणि निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहत होते. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे कानडी मला परकी नव्हती. वडील शाळेत गाणं शिकवत आणि तंबोरा लावायला मी त्यांच्याकडून शिकले होते. एक दिवस अण्णा चाकाच्या तारा आवळत होते, एकेका तारेला टिचकी मारून आवाज ऐकत होते. मी सुपात तांदूळ निवडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, ती खालची उतरलीय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तार पुन्हा वाजवली आणि स्पोकचा छोटा पाना माझ्यापुढे धरला. "बा, अम्मा," म्हणाले, म्हणजे ये, "स्वल्प इकडे बस."

तेव्हापासून चाकं माझी झाली. रिममध्ये छत्तीस तारा ओवायच्या, मग चाक फिरवत, टिचक्या मारत, पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करत ते सरळ करायचं. ह्यांच्यापेक्षा मला ते चांगलं जमायचं, हे ह्यांनीच कबूल केलं होतं. गाडी जमत होती तीही तशीच, जिथून मिळेल तिथून. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं, पुढचं चाक धरणारा चिमटा तिसरीचा, टाकी ह्यांनी स्वतः पत्रा ठोकून केलेली. ज्या गाडीला जन्मदाती कंपनीच नाही, अशी ती गाडी.

अण्णांना ते तेवढंसं रुचत नसे. एकदा चिमटा बसवताना म्हणाले, "कारखान्यातून जी गाडी निघते तिच्यावर शंभर माणसांचे डोळे फिरलेले असतात. हिच्यावर तुम्हा दोघांचेच. एक नट राहिला तर विचारणारं कुणी नाही." हे हसले. मला मात्र ते वाक्य लागलं. त्यानंतर मी एकेक नट दोनदा बघायला लागले.

गाडी कुणासाठी, हे ठरलेलं होतं. ह्यांना गाडी जमवायची हौस, चालवायची नाही. चालवणार होते भाऊजी, माझे धाकटे दीर. वय तेवीस. दोन वर्षांपूर्वी मिरजेहून आले, एका कचेरीत नकाशे काढायची नोकरी लागली आणि आमच्याकडेच राहायला लागले. घरात भाऊजी आहेत हे रस्त्यावरून कळायचं, एवढं शिट्टी वाजवणं. मला "वहिनीमिस्त्री" म्हणायचे. मी लाटणं उगारलं की आणखी मोठ्याने म्हणायचे. गाडी झाली की पहिली रपेट त्यांची, असा ह्यांनी शब्द दिला होता.

आता वर्षभर मागे जायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आदल्या वर्षीच्या खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेत मांडली होती. आपल्याकडे आणि कर्नाटकातही त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. विळी, कात्री, सुई, पाने, सगळं पाटावर. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा करून मगच उचलायचं. मला पाचवा महिना लागला होता. पण मागच्या चाकाची एक तार कुरकुरत होती आणि माझ्याच्याने ते ऐकवेना. मी हसत हसत पाटावरून स्पोकचा पाना उचलला, दोन फेरे दिले आणि परत ठेवून दिला. हेही हसले. पंधरा दिवसांनी आमचं मूल गेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, दरवेळी कारण असतंच असं नाही. मला ते पटलं नाही. ज्या घरात मी राहत होते तिथे प्रत्येक आवाजाला कारण असायचं. ठकठक झाली की हे इंजिन खोलून कारण हुडकायचे आणि ते सापडायचंच. मग माझ्याच मुलाला कारण नाही हे कसं? मी हुडकलं. मला तो पाना सापडला. कुणी मला दोष दिला नाही, सासूबाई तर तेव्हा मिरजेला होत्या, त्यांना पान्याचं माहीतही नव्हतं. मीच मला दोष दिला आणि तो घट्ट धरून बसले.

पुढच्या वर्षी नवरात्रात मला चौथा महिना होता. ह्या खेपेला सासूबाई आधीच येऊन राहिल्या होत्या. गाडी जवळजवळ झाली होती, इंजिन सुरू होत होतं, फक्त पुढची रिम खराब निघाली म्हणून चाक पुन्हा बांधावं लागलं. अष्टमीच्या संध्याकाळी माझं चाक झालं. आम्ही ते चिमट्यात बसवलं. दोन्ही बाजूंचे आसाचे नट ह्यांनी बोटांनीच फिरवून ठेवले. "ब्रेक घासतोय," म्हणाले, "सकाळी काढून बघतो, मगच पान्याने आवळू. आत्ता आवळून उपयोग नाही." त्यात काही चूक नव्हती. रोज असंच काहीतरी अर्धवट राहायचं आणि सकाळी व्हायचं.

सकाळी मी अंधारात उठले, न्हाले आणि सगळ्यात आधी हत्यारं गोळा केली. विळी, कोयती, कात्री, सुया मोजून डबीत, आणि पडवीतला एकूण एक पाना. रॉकेलने पुसले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. अंघोळ करून हे बाहेर आले तेव्हा पूजा झाली होती आणि सासूबाई नंदीच्या देवळात गेल्या होत्या.

हे पाटापाशी आले. म्हणाले, "अगं, तो मोठा पाना दे. चाक आवळायचं राहिलंय."

मी म्हटलं, "उद्या."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"उद्या सकाळी पुन्हा पूजा झाली की."

"गाडी पूजेला उभी करायची आणि चाक सैल?"

"उभीच तर करायचीय. चालवायचीय कुठे?"

ह्यांनी हात पुढे केला. मी पाटाच्या आणि ह्यांच्या मध्ये उभी राहिले. माझा आवाज चढला असावा. मी म्हटलं, "मागच्या वर्षी उचलू दिलात. ह्या वर्षी मी उचलू देणार नाही." ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. देवाधर्माचं ह्यांना काही नव्हतं. पण त्या मागच्या वर्षात माझ्याबरोबर हेही होते, आणि हॉस्पिटलातून रिकाम्या हाताने परत येताना टांग्यात माझ्या शेजारी हेच बसले होते. "बरं," म्हणाले, "उद्या."

गाडी अंगणात आणली. झेंडूचा हार, हँडलला केळीचे कोंब, टाकीवर गंधाचे पट्टे. अण्णा आले, कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडला. इथल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली आणि अण्णांनी गाडी हाताने ढकलून ती चिरडली. ह्यांनी किक मारून मिनिटभर इंजिन चालू ठेवलं. छान आवाज होता, मला अजून आठवतो. भाऊजी आत दाढी करत होते, खिडकीतून शिट्टी वाजवून दाद दिली. त्यांना सांगायला हवं होतं. चाक नुसतं बोटांनी लावलंय, एवढे चार शब्द. पण भाऊजी तर बसने होसकोट्याला मित्राकडे जेवायला जाणार होते, ते आदल्या दिवशीच ठरलं होतं. सांगायचं कारणच दिसलं नाही.

अकराच्या सुमाराला हे कारखान्यातल्या पूजेला गेले. भाऊजी बसला गेले. मला पलीकडच्या अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, हळदीकुंकवाला बोलावलं होतं. त्यांच्याकडे दसऱ्याच्या बाहुल्या मांडत, पायऱ्या पायऱ्यांवर, राजाराणीपासून भाजीवाल्यापर्यंत. मी चटईवर बसले होते, हातात उसळीचा द्रोण होता. आणि मला इंजिन ऐकू आलं.

पहिल्यांदा वाटलं, हे परत आले आणि पुन्हा चालू करून बघताहेत. मग आवाज बदलला. उभ्या गाडीचा आवाज वेगळा आणि निघालेल्या गाडीचा वेगळा. पहिला गिअर, दुसरा गिअर. मी द्रोण टाकून उठले. रस्त्यावर आले तोवर भाऊजी कोपऱ्यावर वळत होते. हार उडत होता. मी हाक मारली. मागे बघून त्यांनी हात हलवला. मी शाबासकी देतेय असं त्यांना वाटलं असणार.

दारात सासूबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, बसच आली नाही त्याची. ड्रायव्हर लोक गाड्यांच्या पूजा करत बसलेत म्हणे. म्हटला, गाडी सजून तयार आहे, तीच नेतो." मग माझा चेहरा बघून, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. दमायला झालं." पहिली थाप ती. सांगितलं असतं तर म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लागला असता, अशी मी माझी समजूत घातली. खरं तर, का आवळलं नाही, हे त्यांनी विचारलं असतं.

मी अण्णांकडे धावले. अण्णा सायकलवरून ह्यांना आणायला गेले. परत यायला त्यांना तासाच्या वर लागलं. तेवढा वेळ मी अंगणात उभी होते आणि मनातल्या मनात ते चाक फिरवत होते. चाक मीच बांधलं होतं, मला त्याचं सगळं माहीत होतं. बोटांनी लावलेला नट लगेच पडत नाही. प्रत्येक खड्ड्याला केसभर सरकतो. सपाट रस्त्यावर दहा मैलसुद्धा टिकेल. होसकोटे किती मैल? अठरा-वीस. त्या दिवशी रस्ते कसे असतात ते बेंगळूरच्या माणसाला सांगायला नको. चौकाचौकात फुटलेले कोहळे, त्यांचा कुंकवाने लाल झालेला गर, चिरडलेली लिंबं. आमच्या दारातही तेच पडलं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या.

हे आले. घरात येऊन पाटापाशी थांबले आणि माझ्याकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. मी वाकले आणि मोठा पाना उचलला. त्यावरचं कुंकू माझ्या तळव्याला लागलं. सकाळपासून जे होऊ दिलं नव्हतं ते मीच केलं, तेही एवढ्या सहज. येताना कारखान्यातल्या एकाची मोटारसायकल मागून आणली होती, ती अण्णांनी काढली, हे मागे बसले. मी पदराला हात पुसला आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना वाढलं.

पुढचं मी ह्यांच्याकडून आणि अण्णांकडून ऐकलं, तुकड्या तुकड्यांनी, पुष्कळ दिवसांत.

भाऊजी होसकोट्याला नीट पोचले. जेवले. निघताना त्यांना चाक डुगडुगलेलं जाणवलं. पोरगा हुशार होता, खाली उतरून त्याने हाताने चाक हलवून बघितलं आणि दुखणं बरोबर ओळखलं. बाजारात एक सायकलचं दुकान होतं, तिथे पाना मागितला. दुकानदाराने हत्यारं हार घालून फळीवर मांडली होती. म्हणाला, "इवत्तु मुट्टोदिल्ला, सार. नाळे बन्नी." आज हात लावत नाही, उद्या या. वर चुरमुरे आणि केळं प्रसाद म्हणून हातावर ठेवलं. भाऊजी पुढे लोहाराकडे गेले. तिथेही तेच. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा एक म्हातारा होता, त्याने पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं, उद्यापर्यंत इथेच राहा म्हणाला, पण पाना दिला नाही.

ह्यांना ही हकिगत त्या सायकलवाल्यानेच सांगितली. तो रडत होता. त्याने सांगितलं की पोरगा अजिबात चिडला नाही. उलट हसला आणि म्हणाला, "सरी, सरी, बरोबर आहे. आमच्या घरीही आज सगळे पाने पूजेत आहेत. आमच्या वहिनी तर हातही लावू देणार नाहीत." मग रुमाल गुंडाळून त्याने दोन्ही नट बोटांनी जमतील तेवढे आवळले आणि हळू जाईन म्हणाला.

गावाबाहेर तळ्याच्या बांधावरून रस्ता जातो. समोरून बस आली, ड्रायव्हरच्या पुढ्यात केळीचे खुंट बांधलेली. भाऊजींनी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सुटलं. चाक एकटंच बांधाच्या उताराने गडगडत जाऊन पाण्याच्या कडेला आडवं पडलं. त्याची एकही तार तुटली नव्हती, हे मला अण्णांनी सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्यांना वाटलं असेल, मला बरं वाटेल.

हे पोचले तेव्हा भाऊजींच्या तोंडावरून कुणीतरी धोतर पांघरलं होतं.

दिवेलागणीला हे घरी आले. सासूबाई दारात होत्या. त्या काही विचारायच्या आतच हे म्हणाले, "आई, चाकाचे नट आवळायचे मी विसरलो." एवढंच आधी सांगितलं, बाकीचं नंतर. बोलताना एकदा माझ्याकडे बघितलं. मला गप्प बसवणारी नजर होती ती.

मी बोलायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पोटातल्या बाळाचं निमित्त होतं. हे म्हणाले, आत्ता नको, तुझी तब्येत सांभाळ, मग बघू. पण मग कधी बघितलंच नाही. सासूबाईंनी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ताटलीसुद्धा माझ्याकडून घ्यायच्या, ह्यांनी पुढे केली तर भिंतीकडे बघायच्या. हे ते सगळं सोसत होते आणि मी सोसू देत होते. एकदा मी ह्यांना म्हटलं, "मी सांगते आईंना." हे म्हणाले, "मी खरंच विसरलो असतो तर मला वाचवायला तू काय वेगळं केलं असतंस?" मला त्याचा अर्थ लागला नाही. मी पुन्हा विचारलंही नाही. ह्यांनी त्यानंतर मोटारसायकलीला हात लावला नाही. गाडीचं जे उरलं होतं ते अण्णा घेऊन गेले.

फाल्गुनात मला मुलगी झाली. धडधाकट, घरभर ऐकू जाईल असं रडणारी. सासूबाई बाळंतपणाला राहिल्या. तिला पायांवर घेऊन तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, आणि तेवढा वेळ त्यांचा चेहरा माणसासारखा दिसायचा.

एक दिवस तेल लावता लावता त्यांनी विचारलं, "तू मला खरं सांग. तो विसरला, की पाने पूजेत होते म्हणून राहिलं?"

माझ्या हातात ऊन पाण्याचं घंगाळ होतं. मी ते खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, "विसरणारं पोर नाही ते. म्हणून विचारते. पूजेत होते म्हणून राहिलं असेल तर मला हाक का मारली नाही? मी काढून दिला असता. माझ्या सासऱ्यांच्या वेळी नवमीलाच गाय अडली होती. त्यांनी पूजेतला कोयता उचलला, कपाळाला लावला आणि कामाला घेतला. देवाला काय, माणसाची अडचण कळत नाही?"

मी म्हटलं, "विसरलेच ते, आई."

त्यांनी मान हलवली. "मग विसरला," म्हणाल्या आणि मुलीच्या टाळूवर तेल थापलं.

मुलीने हातपाय ताणले, जांभई दिली. तिच्याकडे बघताना माझ्या मनात आलं की बरं झालं, मी सकाळी तो पाना उचलू दिला नाही. अगदी ह्याच शब्दांत आलं. दुपारी मीच तो उचलला होता, हेही त्या वेळी आठवलं नाही, आणि भाऊजी तर नाहीच. आठवलं तेव्हाही तो विचार मनातून गेला नाही. मुलीचे केस आता पिकायला लागलेत. तिला ताप आला की अजून मी तोच विचार करते. त्या दिवशी घंगाळ उचलून मी सासूबाईंच्या हाताशी सरकवलं, पाणी फार ऊन नाही ना ते त्यांनी कोपराने बघितलं, आणि तिला न्हाऊ घातलं.